भूलतज्ज्ञांना सिम्युलेशनची सक्ती हवी का?

घोडबंदरकर: सकाळी नौपाड्यात सिझेरियन, दुपारी घोडबंदरला हर्निया. ओटी (ऑपरेशन थिएटर) वेगळी, मशीन वेगळं, सिस्टर अनोळखी. अशा फिरत्या भूलतज्ज्ञाला वर्षातून एक दिवस पुतळ्यावरचा सराव (सिम्युलेशन) सक्तीचा करा. श्वासाची नळी जात नसेल तर लॅरिंगोस्कोपीचे (घशात उपकरण घालून, बघत नळी टाकण्याचे) ३ प्रयत्न, चौथा फक्त जास्त अनुभवी हाताने. मग एलएमए (घशात स्वरयंत्रावर बसणारा मास्क), मग चेहऱ्यावरचा मास्क. तेही फसलं तर गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत वाट: १० नंबरचं ब्लेड, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी), ६ नंबरची नळी. सगळ्यांना पाठ आहे. तरी ऐन वेळी नजर घशातच अडकते आणि पाचवा प्रयत्न सुरू होतो.

वाशी_सेक्टर१७: पुतळ्याने अँपूलची (औषधाच्या छोट्या कुप्यांची) अदलाबदल थांबेल? हेवी बुपिव्हाकेन (मणक्यात द्यायचं भुलीचं औषध) आणि ट्रॅनेक्झामिक (रक्तस्राव कमी करणारं, शिरेतून द्यायचं), दोन्ही सिझेरियनच्या ट्रेमध्ये, काही कंपन्यांच्या अँपूल दिसायलाही सारख्या. ट्रॅनेक्झामिक मणक्यात गेलं की पाठीत-पायांत असह्य वेदना, मग झटके, ठोके बिघडतात. आधी ते स्पायनलच्या (मणक्यातून भूल देण्याच्या) ट्रॉलीवरून हलवा. सिरिंजला रंगीत लेबल लावा: स्नायू शिथिल करणाऱ्यांना लाल, ओपिऑइडला (मॉर्फिनसारखी वेदनाशामकं) निळं, लोकलला (तेवढाच भाग बधिर करणारी) राखाडी. खर्च किती, तर लेबलच्या रोलइतका.

घोडबंदरकर: ट्रॉलीचं मान्य. पण लेबल लागतं औषध भरल्यावर. स्पायनलला सिस्टर अँपूल फोडून धरते, आपण निर्जंतुक हाताने ओढून घेतो. चूक तिथेच होते. फोडण्याआधी तिने नाव मोठ्याने वाचायचं, आपण डोळ्यांनी बघून ‘हो’ म्हणायचं. ‘सर, हा तिसरा प्रयत्न झाला’ हे बोलायची हिंमतही तिला सरावानेच येते. म्हणून सिस्टरला वगळून केलेल्या वर्कशॉपला मी सराव म्हणत नाही.

कळवा_खाडी: अख्खा दिवस म्हणजे फ्रीलान्सरच्या तीन-चार केस बुडाल्या. सक्ती कागदावरच राहील. त्यापेक्षा त्याच ओटीत, दिवसाच्या ऑपरेशनच्या लिस्टच्या आधी १५ मिनिटं. सिस्टरला म्हणा, ‘बूजी द्या’, आणि घड्याळ बघा. गरोदर किंवा लठ्ठ रुग्णाला भुलीआधी ३ मिनिटं ऑक्सिजन देऊनही, श्वास थांबला की सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) भराभर उतरतं. कपाटं धुंडाळायला वेळ कुठला? जाता जाता कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) लाइन लावून स्वतः फुंकर मारा, आलेख उमटतो का पाहा. नळी टाकल्यावर आलेख सपाट असेल तर ती अन्ननलिकेत आहे असंच धरायचं, मशीनला दोष नंतर.

वाशी_सेक्टर१७: हे चालेल. फक्त बूजीच्या कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे असते, तेही त्याच १५ मिनिटांत विचारा.