शब्दचर्चा: घोड्यांचा ‘सावत्र भाऊ’ कोण?

खोगीरभरती:
गेली काही वर्षं मी जपानमधल्या घोड्यांच्या शर्यती बघतोय. पैसे लावत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मोठ्या शर्यती रविवारी तिथल्या पावणेचारच्या आसपास सुटतात, म्हणजे आपल्याकडे बारा-सव्वाबारा. एका कानात जपानी कॉमेंट्री, दुसऱ्यात कुकर. कोण घोडा कोणाचा, हे मी मराठीत वहीत टिपून ठेवतो. परवा लिहिलं: ‘25 डिसेंबर 2005, नाकायामाचं मैदान, आरिमा किनेन ही शर्यत, 2500 मीटर. तोवर एकदाही न हरलेल्या डीप इम्पॅक्टला त्याच्याच सावत्र भावाने, हार्ट्स क्रायने, घोड्याच्या अर्ध्या लांबीने हरवलं.’ दोघांचा बाप एकच, संडे सायलेन्स. एका जाणकार मित्राने वाक्य वाचलं आणि म्हणाला, हे दोघे भाऊच नव्हेत. बाप एक आणि भाऊ नव्हेत? शब्द चुकला की माझी समज?

मोतद्दार:
शब्द चुकला. पैदाशीचा घोडा एका हंगामात दीडशे-दोनशे माद्या फळवतो. त्याच्या सगळ्या पोरांना भाऊ-बहीण म्हणायचं ठरवलं, तर एकाच शर्यतीत अर्धे घोडे एकमेकांचे भाऊ निघतील. जपानमध्ये 1995 ते 2007 अशी सलग तेरा वर्षं संडे सायलेन्स अव्वल पैदाशीचा घोडा होता, त्या काळात तर तसंच झालं असतं. घोडीला मात्र वर्षाला एकच शिंगरू, अकरा महिने पोटात वाढवून. म्हणून नातं मोजतात ते आईकडून. आई-बाप दोन्ही एक असतील तर सख्खे. नुसती आई एक असेल तर अर्धे. नुसता बाप एक असेल तर कोणीच नाही.

शब्दवेल्हाळ:
मजा आहे. म्हणजे ‘सावत्र’ नेमका उलटा पडतो! सवत आणि सावत्र एकाच घरातले शब्द, दोघांच्या मागे संस्कृत सपत्नी. बाप एक, आया दोन, अशा घरातून हा शब्द आलाय. ध्रुव आणि उत्तम हे सावत्र भाऊ. सावत्र बापही असतो, मान्य, पण ‘सावत्र’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर आधी आईच येते.

घोड्यांचा नियम लावला तर राम आणि भरत एकमेकांचे कोणी लागत नाहीत. कर्ण आणि अर्जुन मात्र पक्के भाऊ!

लिंबूटिंबू:
मग ‘सहोदर’ आहे की तयार. एका उदरातले. शब्दशः बसतो.

शब्दवेल्हाळ:
शब्दशः बसतो, पण वाचणारा त्याचा अर्थ सख्खा असाच घेतो. आणि इथे तर सख्खा आणि अर्धा यांतलाच फरक दाखवायचाय. नको. शिवाय रेसच्या वहीत सहोदर म्हणजे तबेल्यात शालजोडी.

पागेवाली:
खोगीरभाऊ, जपानी लोक याला ‘हान’ म्हणतात, म्हणजे अर्धा, आणि सख्ख्याला ‘झेन’, पूर्ण. त्यातही थोरला-धाकटा शब्दातच येतो: ‘झेनकेई’ सख्खा थोरला, ‘हानतेई’ एका आईचा धाकटा. ब्लॅक टाइड 2001 चा, डीप इम्पॅक्ट 2002 चा, आई-बाप तेच. आपण सरळ म्हणू, डीप हा ब्लॅक टाइडचा पाठचा भाऊ. ‘पाठचा’ किती नेमका शब्द आहे बघा, वर्षाच्या अंतरासकट.

पुढची नाती तर मराठीत जास्तच सोपी जातात. ब्लॅक टाइडचा मुलगा कितासान ब्लॅक, म्हणजे डीपचा पुतण्या. डीपच्या आईला, विंड इन हर हेअरला, दुसऱ्या घोड्यापासून झालेली मुलगी लेडी ब्लाँड. तिच्या मुलीचा मुलगा रे दे ओरो, 2017 चा जपानी डर्बीविजेता. तो डीपच्या भाचीचा मुलगा. इंग्रजीत पुतण्या काय, भाचा काय, एकच शब्द.

आणि डीपचं आजोळ बघायचं तर थेट इंग्लंडच्या राजघराण्यात निघतं. आजी बर्गक्लेअर, पणजी हायक्लेअर. ही हायक्लेअर राणी एलिझाबेथची घोडी, 1974 मध्ये इंग्लंडची वन थाउजंड गिनीज आणि फ्रान्सची प्री द डियान या शर्यती जिंकलेली. ‘आजोळ’ला दुसरा शब्द शोधूच नका.

मोतद्दार:
पागेवालीताईंच्या माहितीत भर. जपानमध्ये शिंगराला नाव मिळेपर्यंत आईच्या नावानेच ओळखतात. डीप इम्पॅक्ट लिलावात 7 कोटी येनला विकला गेला, तेव्हा तो होता ‘विंड इन हर हेअर नो 2002’. हा ‘नो’ म्हणजे आपला चा-ची-चे. मराठीत आणताना पंचाईत अशी, की जपानीला लिंग सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं.

लिंबूटिंबू:
शिंगरू आहे ना, मग ‘चे’. विंड इन हर हेअरचे 2002. सुटला प्रश्न!

शब्दवेल्हाळ:
आईच्या नावाने ओळखणं आपल्याला कुठे नवं आहे? गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यांत कोरलेलं आहे.

खोगीरभरती:
आता एक उपप्रश्न. एफोरिया नावाचा घोडा, 2021 ची आरिमा जिंकलेला. त्याच्या वंशावळीत संडे सायलेन्स दोनदा येतो, बापाकडून चौथ्या पिढीत आणि आईकडून तिसऱ्या. म्हणजे सोळावा हिस्सा अधिक आठवा हिस्सा, 18.75 टक्के. जपानी रसिक या प्रमाणाला ‘चमत्काराचं रक्त’ म्हणतात. अशा पैदाशीला मी ‘सगोत्र’ लिहिलंय.

शब्दवेल्हाळ:
गोत्र बापाकडून चालतं. एफोरियाच्या बापाकडे संडे सायलेन्स येतो तो आजीच्या माहेरून: बाप एपिफानेइया, त्याची आई सेझारिओ, तिचा बाप स्पेशल वीक, त्याचा बाप संडे सायलेन्स. आणि एफोरियाच्या आईचा बाप हार्ट्स क्राय, म्हणजे पुन्हा संडे सायलेन्सचाच मुलगा. दोन्हीकडे मध्ये एक बाई आहे, गोत्र तिथेच तुटलं. ‘सपिंड’ म्हणा. त्यात दोन्ही बाजू धरतात आणि पिढ्याही मोजतात. आपल्याकडे सपिंडात लग्न टाळतात, तिथे मुद्दाम जुळवतात, एवढाच फरक.

खोगीरभरती:
वही दुरुस्त केली. ‘सगोत्र’ खोडून ‘सपिंड’. लेडी ब्लाँडपुढे ‘डीपची आईकडून बहीण’. आणि ते मूळ वाक्य आता असं: ‘डीप इम्पॅक्टला हार्ट्स क्रायने अर्ध्या लांबीने हरवलं. बाप एकच, नातं काही नाही.’

मोतद्दार:
चालेल.