रविवारची मालवण सहल आणि डोक्यावरचं हेल्मेट

नेहा (ए-१०४): मंडळी, येत्या रविवारी मालवण. कुडाळहून पहाटे निघायचं, ८ वाजता पाण्यात. हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालायचं आहे. पोहता येत नसेल तर चालतं ना? आणि सासूबाईंना चष्मा काढावा लागेल का?

प्रसाद (सी-४०२): पोहणं लागत नाही. चष्मा राहू दे, डोकं कोरडंच असतं. बादलीत स्टीलचा पेला उपडा दाबून बघ, आत पाणी शिरत नाही. हेल्मेट तसंच, खालून उघडं, खांद्यांवर नुसतं टेकलेलं. बोटीवरचा कॉम्प्रेसर नळीतून हवा सोडत राहतो, जादा हवा खालच्या कडेने बुडबुडे होऊन निघते. म्हणून मान ताठ ठेवायची. पायाजवळचा मासा बघायला वाकलं की पेला कलंडला, पाणी थेट हनुवटीला. बघायचंच तर गुडघे वाकवून सरळ खाली बसायचं.
बुक करताना नीट विचार. मालवण-तारकर्लीला बहुतेक बोटींवर नळी तोंडात धरायची स्कूबा असते. ती वेगळी, तिथे तोंडाने श्वास घ्यायचा आणि चष्मा चालत नाही.

नेहा: वजन फार असतं म्हणे?

प्रसाद: हवेत ३०-४० किलो, पाण्यात पाच-सहा किलोच जाणवतं. म्हणून शिडीवर गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिल्यावरच ते डोक्यावर ठेवतात. परतताना मात्र खांदे पाण्याबाहेर आले की सगळं वजन मानेवर. वरच्या माणसाने हेल्मेट उचलेपर्यंत पुढची पायरी चढायची नाही. मानेचा त्रास असणाऱ्यांनी बोटीवरच बसावं.

डॉ. परब (ए-३०१): खरा प्रश्न कानांचा आहे. ५ मीटरवर दाब वरच्या दीडपट होतो आणि कान सगळ्यात जास्त दुखतात ते पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच. दुखायची वाट बघू नका. शिडीच्या प्रत्येक पायरीवर हात हेल्मेटच्या खालून आत घाला, नाक चिमटीत धरा, तोंड मिटून हलकेच फुंका. कानात टक् झालं की पुढची पायरी. नाही झालं तर एक पायरी वर या, आवंढा गिळा, पुन्हा करा. जोर लावलात तर पडदा फाटेल.
सर्दी असेल तर उतरू नका. नाकात स्प्रे मारून उतरायची हुशारी तर नकोच, खाली असताना त्याचा असर संपला तर वर येताना हवा अडकते. कानात तेल, कापूस, बोळे काही नको. दमा, फिट्स, हृदयविकार, पडद्याला छिद्र, गरोदरपण, यातलं काही असेल तर साफ नाही.

नेहा: आणि आमचा नऊ वर्षांचा?

डॉ. परब: हेल्मेट त्याच्या खांद्यावर नीट बसतं का, आणि कान दुखला तर हाताने सांगेल का, ते बघा. यात शंका असेल तर नको. आणि सगळ्यांनीच, वर येताना श्वास रोखायचा नाही. तळाशी भरलेली हवा वर येताना फुगते, फुप्फुसाला इजा होते.

प्रसाद: अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर न्या’. फोटोसाठी अंगठा दाखवतात आणि मग वर नेलं म्हणून भांडतात. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल.
पैसे देण्याआधी कॉम्प्रेसर बघा. हवा ओढायचं तोंड इंजिनच्या धुराड्यापासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला हवं, नाहीतर धूर थेट हेल्मेटमध्ये. जोडीला भरलेला राखीव सिलिंडर हवा. हेल्मेटला नळी जोडतात तिथे एकदिशा व्हॉल्व्ह असतो. कॉम्प्रेसर बंद पडला तरी आतली हवा उलटी जात नाही, मिनिट-दोन मिनिटं पुरते. सतत येणारा सूं-सूं आवाज थांबला की लगेच गाईडला खूण करा. तो शिडीकडे नेईल, नाहीतर हेल्मेट काढून श्वास सोडत वर घेऊन येईल.

सावंत काका (बी-२०३): सगळा खरा, पण रविवारी तृतीया आसा. उधाण अजून उतरूक नाय. तिथीक पाऊणान गुणा, सव्वादोनाक भरती. म्हणजे सकाळी आठाक पुरी सुकती, म्हणजे ओहोटी, कर्ली नदीचा गढूळ पाणी भायर. तळार काय एक दिसाचा नाय, आणि ओढ वेगळी.

नेहा: काका, मग कधी?

सावंत काका: पुढच्या रविवारी दशमी. भांगाचा पाणी, म्हणजे भरती-सुकतीत फरक थोडो, ओढ कमी. साडेसाताक भरती, अर्धो-एक तास इकडेतिकडे. आठाक बाहेरचा निवळ पाणी आत इल्लेला आसता. दुपारी वारो उठता, त्याच्या आदी बोट परत.

नेहा: बोटवाल्याला पुढचा रविवार कळवला. आदल्या रात्री ज्याचं नाक वाहतंय त्याने इथे सांगा, बोटीत जागा आहेच, हेल्मेट मिळणार नाही. आणि सकाळी मिसळ नको, इडली घेऊन निघू.

डॉ. परब: बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर. आणि खाली गेल्यावर प्रवाळाला हात लावू नका, कायद्याने संरक्षित आहे, उचलणं गुन्हा.

प्रसाद: मासा आहे त्याहून सव्वापटीपेक्षा मोठा आणि जवळ दिसतो. आताच सांगून ठेवतो, घरी येऊन हातभर लांबी सांगायची नाही.