शाल-श्रीफळ आवरा, बाकी जमतं

"लेखक तासभर शाळेत येऊन मुलं काय लिहिती होणार?" असं एकाने विचारलंय, म्हणून आमचा बडोद्याचा अनुभव. लेकीच्या शाळेत एक बालसाहित्यिक बाई आल्या. अर्धा तास शाल-श्रीफळात गेला. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे प्रत्येक वक्त्याने सांगितलं (मुलं जांभया देत होती). मग बाईंनी एवढंच विचारलं, "उत्तरायणाला (म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवताना) गच्चीवर आजी काय ओरडते?" पोरं एका सुरात, "काप्यो छे!" (पतंग कापला!) तिथून वह्या उघडल्या. गुजराती शाळेतली ही मुलं मराठी लिहितात शिरोरेषेशिवाय, गुजराती लिपीत ती नसतेच. बाईंनी लाल पेन काढलंच नाही, फक्त "मग पतंग कुठे पडला?" विचारत फिरल्या. लेकीचा पतंग सध्या कमाटीबागेत अडकलाय, गोष्ट चालू आहे.