अंतराळ संशोधनावरचं जाहीर व्याख्यान, भाच्याला घेऊन जाऊ का?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी देवगडचा, घरची बोट आहे. रत्नागिरीला कॉलेजात अंतराळ संशोधनावर जाहीर व्याख्यान आहे, सगळ्यांना खुलं, फी नाही. भाचा नववीत आहे, चांद्रयान-३ उतरलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच, वहीच्या शेवटच्या पानांवर रॉकेटं काढतो. पण जाऊन येऊन आख्खा दिवस जाणार आणि बोटीची एक फेरी बुडणार. मागे असंच एक व्याख्यान ऐकायला नेलं होतं त्याला, वक्त्यांनी दीड तास इंग्रजी स्लाईडी वाचून दाखवल्या आणि प्रश्नांची वेळ आली तर वेळ संपला म्हणाले, पोर हिरमुसलं. तर खरंच काही मिळतं का यातून? आणि न्यायचं तर काय तयारी करून नेऊ?

हापूसवाली:
दादा, न्याच. मी फिजिक्स शिकवते, अशी बरीच व्याख्यानं ऐकलीत, काही रटाळ निघतात हे खरं. पण एकदा एका वक्त्यांनी पूर्ण तासभर फक्त २०१९ ला चांद्रयान-२ चं चंद्रावर उतरणारं यान का आपटलं एवढंच सांगितलं. इंजिनांनी हिशोबापेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, यानाला पटकन वळायला हवं होतं पण सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगाला मर्यादा घातलेली, आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर. मग पुढच्या वेळी जागा ४ किमी बाय २.४ किमी घेतली, मधलं पाचवं इंजिन काढलं, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. आपल्या देशाचं यान कुठे चुकलं हे कोणी समोर उभं राहून न लपवता सांगतं ना, ते मुलांनी ऐकायलाच हवं. माझ्या वर्गातली दोन मुलं त्या दिवसानंतर प्रयोगवहीत चुकलेलं रीडिंग खोडायची थांबली. आयोजकांना आधी फोन करून भाषा कुठली ते विचारा, मराठीत प्रश्न चालतील का तेही विचारा, बिनधास्त.

दर्यावर्दी_मालवण:
माका इंग्रजी जमत नाय, तरी मी गेल्लंय एकदा. आमका मोबाईलवर मेसेज येता ना, अमक्या दिशेक, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीत मासो गावात म्हणान, तो हैदराबादच्या इन्कॉइस म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडसून येता, आणि त्येंका पाण्याचो रंग आणि तापमान उपग्रहावरसून कळता. पाण्यात हिरवा शेवाळ वाढला की बारको मासो येता, त्येच्या मागसून मोठो. ह्या माका थंयच समाजला. बोट वाल्यांनी तर जावकच होया.

विजयदुर्गचा:
जाताना एक गोष्ट त्याला सांगा. आपल्या किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत आणि लोक सर्रास सांगतात की लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ ला इथे बसून हेलियम वायू शोधला. तसं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला हे बरोबर, पण ज्याचं नाव या शोधात लॉकियरबरोबर घेतात तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात, त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेच्या प्रकाशात हेलियमची पिवळी रेघ पाहिली. तो विजयदुर्गला आला १८९८ च्या ग्रहणाला. माझ्या मते खरी गोष्ट सांगितली तरी किल्ल्याचा मान तसूभर कमी होत नाही, एवढा मोठा माणूस ग्रहण बघायला आपल्याच बंदरात उतरला होता. आणि तोच हेलियम आज रॉकेटच्या टाक्यांमध्ये दाब राखायला वापरतात, म्हणजे व्याख्यानात हा शब्द आला तर पोराला घरचा वाटेल.

हापूसवाली:
वा, हे मीही वर्गात चुकीचं सांगत आले. उद्याच दुरुस्त करते.

खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला, वक्ते मराठीत बोलणार आहेत आणि शेवटी अर्धा तास प्रश्नांना ठेवलाय. पहाटेच्या एसटीने निघतो. दर्यावर्दी दादांचं भाच्याला वाचून दाखवलं तर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग वहीत लिहिलंन, आभाळ भरून आलं की उपग्रहाला पाण्याचा रंग कसा दिसतो? मला उत्तर येत नाही. तुम्हाला येत असेल तर कृपा करून इथे लिहू नका, त्याला तिथे उभं राहून विचारू दे.