ॲट्रोपिननं लाळ थांबली, मग मांड्या का फडफडत राहिल्या?

पराटीवाली, कळंब तालुका
मागच्या भादव्यात बाबांना फवारणीत विषबाधा झाली. पराटी छातीएवढी, वारा समोरून, पाठीवरचा पंप गळका. संध्याकाळी धुऱ्यावरच बसकण मारली. तोंडातून लाळ, घामाच्या धारा, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. दवाखान्यात ॲट्रोपिन सुरू झालं. सकाळपर्यंत लाळ थांबली, छातीतली घरघर गेली, तोंड इतकं कोरडं की पाणी-पाणी करून राहिले होते. पण मांड्यांचं मांस फडफडतच होतं, माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तसं. डॉक्टर म्हणाले, विषानं नसांचं रसायन साचते. मग त्याच औषधाचं अर्ध्या अंगानं ऐकलं, अर्ध्यानं का नाही? बाबा आता बरे आहेत, पण हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

जुना मास्तर, वर्धा
पोरी, तू नेमकं पाहिलंस. त्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलीन. काम झालं की एक एंझाइम त्याला लगेच तोडते. फवारणीतलं ऑर्गॅनोफॉस्फेट त्या एंझाइमलाच निकामी करते, म्हणून ते साचत जाते.

आता मुद्दा. काय घडायचं हे रसायन ठरवत नाही, पेशीवरचा ग्राही, म्हणजे रसायन पकडणारी जागा, ठरवतो. ॲसिटिलकोलीनचे ग्राही दोन जातींचे. स्नायूवर निकोटिनिक: त्याला रसायन चिकटलं की दार उघडते, सोडियम आत घुसते, स्नायू आखडतो. लाळग्रंथी, घामग्रंथी, हृदय यांवर मस्करिनिक. हृदयात हाच ग्राही पोटॅशियमला बाहेरची वाट देतो, म्हणून ठोके मंदावतात. तेच रसायन मांडीला उडवते आणि हृदयाला थोपवते! मज्जागुच्छातल्या, म्हणजे चेतापेशींच्या गाठीतल्या, एकाच चेतापेशीवर तर दोन्ही जाती असतात. एक क्षणात चेतवते, दुसरी सावकाश.

ॲट्रोपिन फक्त मस्करिनिक ग्राही अडवते. मांडीवरचे मोकळेच राहतात.

ग्राहींची नावं यांवरून पडली: निकोटिन म्हणजे खर्ऱ्यातल्या तंबाखूतलं, मस्करीन एका विषारी अळंबीतलं. हा फरक हेन्री डेल यांनी 1914 मध्ये मांडला. 1921 मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची नस चेतवली, ठोके मंदावले. त्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तेही मंदावलं. निरोप रसायनातून जातो हे तिथं दिसलं. दोघांना 1936 चं नोबेल मिळालं.

ॲट्रोपिन आपल्या धुऱ्यावरच्या धोतऱ्यातही असते. म्हणून कोणी धोतरा वाटून पाजू नका, हात जोडून सांगतो. त्यात किती आहे ते बिया पाहून कळत नाही, माणूस त्यानंच जातो.

वॉर्डातली सिस्टर
मास्तरांनी सांगितलं तेच आम्ही रोज पाहतो. दुसरं इंजेक्शन पॅमचं असते, ते अडकलेल्या एंझाइमला सोडवायला; उशीर झाला की ते फारसं चालत नाही. लाळ थांबली की नातेवाईक सुट्टी मागतात. तेव्हाच खरी राखण लागते. एक ते चार दिवसांत मानेचे, श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, आणि तिथं ॲट्रोपिनचा उपयोग नाही, व्हेंटिलेटरच लागतो. फवारणीचे कपडे लगेच काढून अंग साबणानं धुवा, कातडीतूनही विष आत जात राहते.

पराटीवाली
ताई, तिसऱ्या दिवशी एक सिस्टर दर तासाला बाबांना म्हणायच्या, "काका, उशीवरून मान उचला." मला वाटे, झोपू द्या ना माणसाला. आज समजलं त्या काय पाहत होत्या.