व्यायामात खाडा पडल्यावर पुन्हा सुरुवात कशी करता?

दीर्घ आजार सोबत घेऊन जगणाऱ्या सगळ्यांना विचारतेय. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, होऊन नऊ वर्षं झाली. व्यायामाचे फायदे मला पटवून द्यायला नकोत, ते मी अंगावर अनुभवलेत. सलग तीन आठवडे नीट झाले की सकाळी आखडलेली बोटं लवकर सुटतात, जिना चढताना कठडा धरावा लागत नाही. मग एके दिवशी फ्लेअर येतो, म्हणजे आजार अचानक उसळतो. मनगटं सुजतात, आठ-दहा दिवस हातात कपसुद्धा धरवत नाही. दुखणं ओसरतं, पण व्यायाम मात्र सुरू होत नाही. दहा दिवसांचे चाळीस होतात, आणि चटई अंथरायचीच भीती बसते. "एकही दिवस चुकवू नका" हा सल्ला मला लागू पडत नाही, माझे दिवस चुकणारच आहेत. तुमचे चुकतात तेव्हा तुम्ही परत कसे येता, ते लिहा. आजार कोणताही चालेल.

टाइप १ मधुमेह, १४ वर्षं

ताई, मला भीती साखर उतरण्याची. एकदा संध्याकाळी बरंच पळून आले, झोपताना साखर छान होती, आणि रात्री तीन वाजता घामाने भिजून जागी झाले तेव्हा ४८. त्यानंतर सहा महिने बूट घातले नाहीत. घरचे म्हणायचे, आळस आलाय. आळस अजिबात नव्हता, मी घाबरले होते.

व्यायाम संपल्यावरही स्नायू रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे ती रात्री, अगदी २४ तासांपर्यंतही उतरू शकते. हे मला कुणी नीट समजावलंच नव्हतं. उलट जोरात, थोडा वेळ पळलं किंवा वजनं उचलली की माझी साखर चढते. आता मी सकाळी, खाण्याआधी आणि जेवणाचं इन्सुलिन अंगात नसताना चालते. ९०च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज घेते, मग निघते. २५०च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारे आम्लासारखे पदार्थ) तपासते, ते वाढलेले असले तर त्या दिवशी व्यायाम नाही. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या कायम. हे आकडे मी माझ्या डॉक्टरांसोबत बसून ठरवलेत, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. खरं सांगते, मला उत्साह कुणी दिला नाही. वहीत तीन आठवडे आकडे लिहिले, साखर कधी चढते-उतरते ते समोर दिसलं आणि भीती आपोआप कमी झाली.

अँजिओप्लास्टी झालेला, वय ६४

माझं थोडक्यात. मनगटावरच्या घड्याळात नाडी १०५च्या पुढे जाईना. वाटायचं, आपण कितीही चाललो तरी मेहनत होतच नाहीये. त्या निराशेत दोनदा सोडलं. मग फिजिओ बाईंनी सांगितलं की काका, तुम्हाला बीटा ब्लॉकर चालू आहे, ती गोळी नाडी दाबूनच ठेवणार. आता एकच खूण धरतो: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. घड्याळ काढून ठेवलं. आठ महिने झाले, मोठा खाडा नाही.

एमई/सीएफएस (दीर्घकाळ टिकणाऱ्या तीव्र थकव्याचा आजार)

मी सगळ्यांपेक्षा वेगळं लिहितेय, पण लिहिणं गरजेचं वाटतं. माझ्याकडे जिद्द भरपूर होती, आणि त्या जिद्दीनेच माझं नुकसान केलं. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्या, असं मला सांगितलं होतं. मी वाढवत गेले. व्यायामाच्या दिवशी ठीक वाटायचं, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी कोसळायचे. मधे एक दिवस जात असल्यामुळे दोन्हींचा संबंधच लक्षात येत नव्हता. शेवटी सात महिने अंथरुणात गेले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये या आजारासाठीच्या आपल्या सूचना बदलल्या आणि असा ठराविक दराने वाढवत न्यायचा व्यायाम देऊ नये, असं स्पष्ट लिहिलं. ते वाचून मी रडले होते.

आता अंगात जेवढी शक्ती आहे तिच्या आतच राहते. काही दिवशी पडल्या पडल्या घोटे फिरवणं एवढंच होतं. त्याला मी व्यायाम म्हणत नाही, पण ते करते. ज्यांना श्रमानंतर एक-दोन दिवसांनी असं कोसळायला होतं, त्यांनी कुणाच्याही प्रोत्साहनाला बळी न पडता आधी डॉक्टरांना हे गणित दाखवा. तारखांसह लिहून न्या, नाहीतर ऐकलं जात नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जातंतूंचा आजार)

वरच्या ताईंचं मनापासून पटलं. माझ्यात मात्र उलटं घडलं. सायकल चालवताना अंग तापलं की डाव्या डोळ्यासमोर धूसर व्हायचं. मज्जातंतूंचं नुकसान होतंय असं धरून मी दोन वर्षं सगळं बंद ठेवलं. ही गोष्ट १८९० मध्येच उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवली होती. त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. शरीराचं तापमान वाढलं की आधीच इजा झालेल्या मज्जातंतूंमधून संदेश नीट जात नाहीत, अंग थंड झालं की दृष्टी पूर्ववत होते. नवीन इजा होत नाही. दोन वर्षं! कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर वाचली असती.

आता पंखा समोर, मानेवर ओला रुमाल आणि चार-चार मिनिटांचे तुकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये सलग दहा मिनिटं केलं तरच धरायचं, ही जुनी अट उरलेली नाही, त्यामुळे तुकड्यांबद्दल मनात अपराधीपणा ठेवत नाही. नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं तर मात्र थेट डॉक्टरांना फोन.

सीओपीडी (दम लागणारा फुप्फुसांचा दीर्घ आजार)

मी व्यायामाच्या गटात होतो तोवर उत्तम चाललं होतं. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला तिथेच शिकलो, त्याने जिन्यात दम आटोक्यात येतो. आठ आठवड्यांनी कार्यक्रम संपला आणि पंधरा दिवसांत मीही थांबलो. आता त्याच गटातल्या एका मित्राचा रोज फोन येतो. "झालं का?" एवढंच विचारायचं. नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही, हा आमचा करार. कारण विचारलं असतं तर मी फोन उचलणं बंद केलं असतं.

पार्किन्सन्स, पत्नीच्या बाजूने

ह्यांना सात वर्षं झाली. मी सतत मागे लागायचे, हे नुसते बसून राहायचे, त्यावरून वाद व्हायचे. मनाची ही उदासीनता आजाराचाच भाग असू शकते, हे कळलं तेव्हा मी त्यांना आधी काय काय बोलले ते आठवून फार वाईट वाटलं. आता "उठा, व्यायाम करा" म्हणत नाही. गोळी लागू पडून हालचाल मोकळी झाली की मीच उभी राहते आणि मोठ्याने एक-दोन, एक-दोन मोजते. तालावर ह्यांची पावलं सुटतात. अडखळतात तिथे फरशीवर चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्यात, त्या ओलांडताना पाय बरोबर उचलला जातो.

डायलिसिस, आठवड्यातून तीनदा

डायलिसिसच्या दिवशी घरी काही होत नाही, म्हणून मी तिथेच पडल्या पडल्या पेडल मारतो. पहिल्या दोन तासांतच, नंतर रक्तदाब उतरायची भीती असते. यात आठवण ठेवावी लागत नाही, कारण तिथे जावंच लागतं.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मधुमेहवाल्या ताईंसारखी मीही वही घेतली. फिजिओंनी मला सांगून ठेवलंय की व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांहून जास्त राहिलं तर पुढच्या वेळी कमी करायचं. तो नियम मी फक्त चांगल्या दिवसांत वापरत होते. आता फ्लेअर उतरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याचा वेगळा कागद केलाय: पहिले तीन दिवस फक्त खांदे, मनगटं आणि घोटे, सहा मिनिटं. डोकं भीतीत असताना काही ठरवावं लागू नये, म्हणून आधीच लिहून दाराला लावला. आज पहिला दिवस झाला. मनगट दुखलं, तासाभरात थांबलं.

डायलिसिसवाल्या दादांना एक विचारायचंय: पेडल मारताना सुई लावलेला हात स्थिर कसा ठेवता? माझ्या मावशीला सांगायचंय.