समुद्र वाडीत शिरतोय, गडगा घालायचाय. किती उंच?

माडवाला: नारळाची वाडी, समोर पुळण. दोन पावसाळ्यांत सहा माड गेले. लांबी 40 मीटर. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या दगडांचा, साडेचार फूट गडगा पुरेल ना? गवंडी ठरलाय, पावसाच्या आत उरकायचंय. फक्त उंची आणि पायाची खोली सांगा.

कातळ: गाव कुठलं? खाडीचं तोंड किती लांब? पुळण गेली हे कधी पाहिलंत, मे महिन्यात की सप्टेंबरात? पावसाळी लाटा वाळू ओढून पाण्याखाली तिचा बांध करतात, दिवाळीनंतर मंद लाटा तीच हळूहळू परत आणतात. सप्टेंबरात बघाल तर कोकणातली निम्मी पुळण गेलेलीच दिसेल.

माडवाला: दापोली तालुका. खाडी दीड किलोमीटर. माड मुळासकट आडवे झालेत, ते दिवाळीनंतर परत येत नाहीत. उंची?

चिरेबंदी: चिरा घराला. लाटेला नाही. 2 मीटरची लाट आणि 1 उभा 2 आडवा उतार धरला, तर काळा पाषाण नगाला साधारण 1 टन लागतो. जांभा हलका, पाण्यात त्याचं वजन आणखी कमी उरतं, म्हणून त्याच लाटेला तो जवळपास 3 टनांचा हवा. तुमचा चिरा एक माणूस उचलतो! लाट दुप्पट झाली की दगडाचं वजन आठपट लागतं, हेही गवंड्याला सांगा. तळाला जिओटेक्सटाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड, त्यावर 100 किलोच्या आसपासचे दगड, वर मोठे. हे कापड घातलं नाही की फटींतून वाळू निघते, भिंत खचते आणि लोक म्हणतात दगड वाहून गेले. वाहून नाही, खाली बसले.

चौपाटी: एवढं कशाला? मरीन ड्राइव्हसारखे टेट्रापॉड, ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टाका, विषय संपला.

कातळ: मरीन ड्राइव्हला भरावाची जमीन आणि रस्ता वाचवायचाय, पुढ्यात पुळण नाही. इथे आहे. उभ्या भिंतीवर लाट आपटते, खाली वळते आणि पायथ्याचीच वाळू खरवडते. माड राहतील, पुळण जाईल. मग होड्या कुठे ओढणार?

चिरेबंदी: म्हणूनच उतार म्हटलं, उभी भिंत कोण म्हणालं?

हिरवाई: सुरूची झाडं लावा. वाराही अडतो.

पुळणकर: वाऱ्याचं कुणी विचारलंय? सुरूची मुळं उथळ, खालची वाळू निघाली की पहिला तोच आडवा. वाळूच्या टेकाडावर मर्यादवेल लावा: हातभर कांडी, दोन डोळे वाळूत पुरलेले, पहिल्या सरींनंतर. आणि गुरांना कुंपण, नाहीतर महिन्यात साफ.

कातळ: वेल उडती वाळू धरेल, उधाणाची लाट नाही. माडवाला, आधी मोजा. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, 1.5 मीटरच्या, टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा, मध्ये 2 मीटर दोरी. मागच्या काठीशी उभं राहून पुढच्या काठीचं टोक क्षितिजाला लावा. ती रेषा मागच्या काठीवर टोकापासून जेवढी खाली येते, तेवढा त्या 2 मीटरमधला उतार. माडापासून पाण्यापर्यंत असंच जा. सुरुवात एखाद्या पक्क्या खुणेपासून, विहिरीचा कठडा चालेल. दर महिन्याला त्याच तिथीला. बीज, म्हणजे दुसरी तिथी, बरी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट ही भरतीची वेळ, दोनाची दीड, म्हणजे साडेसातच्या सुमाराला ओहोटी.

माडवाला: महिनोन्‌महिने मोजत बसू? शेजाऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी सरळ भिंत घातली, त्यांचा एक माड गेला नाही.

कातळ: ही भिंत आधी का नाही सांगितलीत? संपते कुठे?

माडवाला: आमच्या हद्दीवर. सहातले चार माड तिथलेच. पण संबंध काय?

कातळ: सगळा तोच. भिंतीमागची वाळू अडकली, लाटेला मिळेना. टोकाला वळसा घालून लाट बाजूची उघडी वाळू खाते. तुम्ही 40 मीटर पुढे नेलीत तर खड्डा पलीकडच्या वाडीत सरकेल, एवढंच. टोक जमिनीकडे वळवून घ्यायला हवं, शेवटचे काही मीटर दगडांची उंची उतरती ठेवून.

चिरेबंदी: यावर सहमत. पण सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, परवानगी आधी. धूप रोखायचं काम परवानगीने होतं, तरी भरतीरेषेवर विनापरवाना चिरा टाकलात तर स्वतःच्या खर्चाने काढावा लागेल.

चौपाटी: पडलेले माड विकायचेत का? वासे निघतील.

माडवाला: बीज गुरुवारी आहे. काठ्या बांबूच्या चालतील?

कातळ: चालतील. दोन्ही काठ्या एकत्र धरून कापा, उंची सारखी राहील.